आउटबोर्ड इंजिन सुरू होत नाही? छोट्या होडीवाल्यांसाठी दुरुस्तीचा क्रम

खाडीत किंवा किनाऱ्यालगत फिरणाऱ्या छोट्या होडीच्या मागे बहुतेक वेळा ८ ते १५ अश्वशक्तीचं, दोरी ओढून सुरू होणारं टू-स्ट्रोक इंजिन टांगलेलं असतं. रचनेने ते साधं आहे. दोन सिलिंडर, एक कार्ब्युरेटर, पाण्याचा एक पंप आणि खाली गिअर. ते खराब होतं ते मुख्यतः दोन गोष्टींनी, खाऱ्या पाण्याने आणि शिळ्या पेट्रोलने. तिसरं नुकसान माणसाच्या हातून होतं: काय बिघडलंय हे कळायच्या आत पाना लावला जातो, आणि चांगला असलेला भागही बिघडतो.

म्हणून या लेखात पार्ट बदलण्याआधी तपासणीचा क्रम दिला आहे. आधी पेट्रोल, मग करंट (प्लगची ठिणगी), मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), मग कार्ब्युरेटर, मग पाणी. हा क्रम मोडू नका. इथली माहिती यामाहा एंड्युरोसारख्या, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून चालवायच्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनांची आहे. फोर-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं नसतं आणि त्याच्या इंजिन ऑइलचा हिशेब वेगळा असतो. पाण्याचा पंप, गिअर ऑइल आणि गंज यांबद्दलचं मात्र त्यालाही लागू पडतं.

आधी हे जमवा

- १०, १२ आणि १४ नंबरचे पाने, बॉक्स पान्यासह. जपानी इंजिनाचं बहुतेक काम एवढ्यात होतं.
- २१ नंबरचा प्लगपाना.
- रुंद तोंडाचा चांगला पेचकस आणि एक बारीक पेचकस. झिजलेला पेचकस घेऊ नका. कार्ब्युरेटरमधले जेट, म्हणजे पेट्रोल मापाने सोडणारे बारीक भोकांचे स्क्रू, पितळेचे असतात, त्यांची खाच लगेच मोडते.
- पक्कड, फीलर गेज (प्लगची गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), कॉम्प्रेशन गेज.
- मरीन ग्रीस, गंज सोडवणारा स्प्रे, कार्ब्युरेटर क्लीनर.
- ऑइल सीलबंद डब्यातलं, त्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकच्या ऑइलची खूण) छापलेलं.
- दोन नवे प्लग, इंपेलरचा (पाण्याच्या पंपातल्या रबरी पात्यांच्या चाकाचा) किट, गिअर ऑइलच्या स्क्रूंचे वॉशर, होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या दोन-चार कॉटर पिना.
- दोनशे लिटरचं पिंप आणि गोडं पाणी.

पार्ट आणायला जाताना इंजिनाच्या क्लॅम्पवरच्या पट्टीचा फोटो घेऊन जा. तिच्यावर मॉडेलचा कोड आणि सीरियल नंबर असतो. ‘पंधराचा इंपेलर द्या’ एवढंच सांगितलंत तर दुसऱ्याच मॉडेलचा हातात पडेल. तो पंपात बसल्यासारखा वाटतो, पण पाणी पुरेसं चढवत नाही.

## १. पाना हातात घेण्याआधी

किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) लाल दोरी आणि तिची क्लिप जागेवर आहे ना, ते आधी बघा. क्लिप निसटली असेल तर कितीही दोरी ओढा, करंट येणार नाही. गिअर न्यूट्रलला आहे का? बहुतेक इंजिनांची दोरी गिअरमध्ये असताना ओढलीच जात नाही.

मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद राहिला तर इंजिन सुरू होतं, चार-पाच मिनिटं नीट चालतं आणि मग धापा टाकत बंद पडतं, कारण टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल पुढे सरकत नाही. नवखा माणूस इथेच कार्ब्युरेटर उघडून बसतो.

नळीवरचा रबरी फुगा दाबून बघा. त्याच्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेने हवा. दाबता दाबता तो कडक झाला पाहिजे. कडक होतच नसेल तर नळीचा जोड सैल आहे, फुग्यातला व्हॉल्व्ह गेलाय किंवा टाकीत पेट्रोल नाही. कडक होऊन पुन्हा पुन्हा मऊ पडत असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पुढे गळती आहे. ती सापडल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

## २. पेट्रोल

आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी हे त्याचं आवडतं ठिकाण. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं. टाकीतली नळी पेट्रोल तळातूनच उचलते. टू-स्ट्रोकच्या बाबतीत धोका आणखी मोठा, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं. खालच्या थरावर इंजिन चाललं तर पिस्टनला वंगण मिळत नाही.

तपासणी सोपी आहे. टाकीच्या तळातलं अर्धा लिटर पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते सगळं पेट्रोल बाजूला काढा. गाळून वापरायचा मोह होतो, पण वेगळं झालेलं पेट्रोल गाळून पूर्ववत होत नाही. जेवढं लागेल तेवढंच भरा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा.

ऑइलचं प्रमाण तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत असेल तेच खरं. सर्वसाधारणपणे ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलि. २४ लिटरच्या टाकीला ४८० मिलि. नव्या किंवा रिंगा बदललेल्या इंजिनाला पहिले दहा तास २५:१, म्हणजे लिटरला ४० मिलि. ऑइल अंदाजाने ओतू नका, मापाचं भांडं ठेवा. मोटारसायकलचं टू-टी ऑइल घालू नका. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात त्याची राख प्लगवर आणि रिंगांवर बसते. रॉकेल मिसळणं तर नकोच. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाची बनावटच वेगळी असते.

## ३. करंट

दोन्ही प्लग काढा आणि कुठला प्लग वरच्या सिलिंडरचा, कुठला खालच्या, हे लक्षात ठेवा. प्लग बरंच काही सांगतो. फिकट तपकिरी रंग चांगला. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकलाय किंवा ऑइल जास्त झालंय. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन तापतंय, आणि हे लक्षण कधीही दुर्लक्षू नका. प्लगवर पाण्याचे थेंब असतील तर पाणी पेट्रोलमधून आलंय किंवा हेडचं गॅस्केट गेलंय.

आता प्लग टोपीत घाला, त्याची धातूची बाजू इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा. निळसर, टच आवाज करणारी ठिणगी हवी. दुसरा प्लगही त्याच्या टोपीत घालून इंजिनालाच टेकवून ठेवा. वायर मोकळी सोडून दोरी ओढली तर सीडीआय युनिट (ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जळू शकतं. प्लगच्या छिद्रांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून तपासणीचा प्लग छिद्रापासून लांब धरा आणि सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या.

एकाच सिलिंडरला करंट नसेल तर दोष प्लग, टोपी किंवा वायरचा. दोन्ही प्लग अदलाबदल करून बघा, दोष प्लगसोबत सरकतो की नाही ते कळेल. दोन्हींना करंट नसेल तर पहिला संशय किल स्विचवर. त्याच्या वायरीचा जोड तात्पुरता सोडवून परत तपासा. करंट आला तर स्विच गंजलाय. अशा अवस्थेत इंजिन सुरू झालं तर ते बटणाने बंद होणार नाही, चोक ओढूनच बंद करावं लागेल, हे आधी ध्यानात घ्या. जोड सोडवूनही करंट नसेल तर कॉइल आणि सीडीआय मोजायचं काम मेकॅनिककडे द्या.

यामाहाच्या ९.९ आणि १५ अश्वशक्तीच्या टू-स्ट्रोकला एनजीके बी७एचएस-१० प्लग लागतो. गॅप ०.९ ते १.० मिमी. नवा प्लग हाताने पूर्ण बसवा आणि मगच पाना लावा. सुरुवातीपासून पाना लावला की ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे कापले जातात.

## ४. कॉम्प्रेशन

दोन्ही प्लग बाहेर, किल स्विचची दोरी काढलेली, दोन्ही वायरी इंजिनाला जोडलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडं. गेज लावून पाच-सहा वेळा जोरात दोरी ओढा. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. इथे बघायचा तो दोन सिलिंडरमधला फरक. तो दहा टक्क्यांच्या आत हवा. एक सिलिंडर बराच खाली असेल तर रिंग, पिस्टन किंवा हेड गॅस्केटचं काम आहे, आणि कार्ब्युरेटर कितीही धुतला तरी काही फरक पडणार नाही. हे पाच मिनिटांत कळतं, म्हणून कार्ब्युरेटरच्या आधी हे करा. जुनं इंजिन विकत घेतानाही विक्रेत्यासमोर हीच तपासणी करायची.

## ५. कार्ब्युरेटर

लक्षणं नीट वाचली तर बऱ्याचदा उघडण्याआधीच कळतं. चोक ओढलेला असताना चालतं आणि चोक आत ढकलला की बंद पडतं, म्हणजे स्लो जेट (हळू वेगाचं पेट्रोल सोडणारा) तुंबलाय. हळू नीट चालतं पण वेग दिला की मरतं, म्हणजे मेन जेट किंवा पेट्रोल पंप. या दोघांतला फरक असा ओळखा: वेग दिल्यावर दुसऱ्याने फुगा दाबत राहायचं. इंजिन सावरलं तर कार्ब्युरेटरला दोष देऊ नका, पंपाचा पडदा फाटलाय किंवा नळीत हवा शिरतेय. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकत असेल तर निडल व्हॉल्व्हखाली कचरा आहे.

काढण्याआधी नळ्या आणि दांड्यांचे फोटो घ्या. पायलट स्क्रू (हळू वेगाचं मिश्रण ठरवणारा) काढण्याआधी तो अलगद आत फिरवत बसेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा. परत बसवताना तेवढेच फेरे बाहेर. तो आत जोरात आवळू नका, टोक बसकं झालं की इंजिन हळू चालवणं कायमचं बिघडतं.

खालची वाटी काढल्यावर तिच्यात पांढरी-हिरवट पूड किंवा चिकट थर दिसला की कारण सापडलं. जेट काढून क्लीनरमध्ये भिजवा आणि उजेडासमोर धरून आरपार भोक दिसतंय का बघा. भोक मोकळं करायला लोखंडी तार किंवा सुई वापरू नका. भोक किंचित मोठं झालं तरी पेट्रोल जास्त जातं. जाळ्याच्या बारीक तंगुसाचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) तुकडा यासाठी उत्तम. कार्ब्युरेटरच्या आतल्या वाटांत क्लीनर मारा, मग हवा मारा, आणि मारलेली हवा दुसऱ्या टोकाने बाहेर येते याची खात्री करा. गॅस्केट नवं घाला. जुनं गॅस्केट परत वापरून हवा शिरली की पुन्हा तेच लक्षण दिसेल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

## ६. पाण्याची धार आणि इंपेलर

इंजिन सुरू झाल्यावर मागून पडणारी पाण्याची धार हीच तुमची तापमापी. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात ती दिसली नाही तर इंजिन बंद करा. कोरड्यावर, ‘फक्त आवाज ऐकू’ म्हणून सुरू करणं टाळा. इंपेलर रबरी असतो, पाण्याशिवाय काही सेकंदांतच त्याच्या कडा घासून जातात.

धार नाही म्हणून लगेच इंपेलर बदलायला घेऊ नका. आधी धारेच्या भोकात तंगूस घालून बघा. तिथे मीठ साठतं, आणि बराच काळ ठेवलेल्या इंजिनात कुंभारमाशी मातीचं घर करते. मग खाली पाणी आत घेणारी जाळी तपासा, खाडीत प्लास्टिकची पिशवी तिला चिकटून बसते. धार पडतेय पण कढत आहे, तर थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) तपासा.

हे सगळं ठीक असेल तर इंपेलर. गाळ आणि वाळूच्या खाडीत तो वर्षातून एकदा बदलावा, मोडायची वाट बघू नये.

- प्लगच्या वायरी काढून ठेवा, म्हणजे हाताने फिरवताना इंजिन चुकून सुरू होणार नाही.
- गिअर बदलणारी दांडी ज्या जोडाने वरच्या भागाला जोडलेली असते तो जोड सोडवा. हा विसरून खाली ओढलं तर दांडी वाकते. गिअर कुठल्या स्थितीत होता ते लिहून ठेवा.
- गिअरकेसचे (पंखा धरणाऱ्या खालच्या भागाचे) बोल्ट काढा आणि ती सरळ खाली ओढा. सुटत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. पेचकस घालून उचकटलंत तर ॲल्युमिनियमची कड तुटते.
- पंपाची टोपी काढा. इंपेलर शाफ्टवरून वर काढा. त्याला अडवणारी छोटी चावी, म्हणजे धातूचा तुकडा, शाफ्टच्या खाचेत असते, ती हरवू देऊ नका.
- जुन्या इंपेलरची पाती मोजा. एखादं पातं तुटलेलं असेल तर त्याचा तुकडा शोधलाच पाहिजे. तो वरच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटजवळ अडकलेला असतो, आणि नवा इंपेलर घालूनही इंजिन तापत राहतं.
- खालची स्टीलची चकती आणि टोपीच्या आतली वाटी बघा. नखाला लागतील असे ओरखडे असतील तर तीही बदला. वाळूने खाल्लेल्या वाटीत नवा इंपेलर पाणी चढवत नाही.
- नव्या इंपेलरला ग्रीस किंवा द्रवरूप साबण लावा. टोपी खाली दाबताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकून बसतात. एकदा बसल्यावर उलट फिरवू नका.
- शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावा, पण अगदी वरच्या टोकावर नको. तिथे ग्रीस साठलं की शाफ्ट पूर्ण वर बसत नाही.

गिअरकेस परत चढवताना तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: शाफ्टच्या खाचा, गिअरची दांडी आणि पाण्याची नळी. सर्वांत जास्त चूक नळीची होते. ती रबरी बुचात न शिरता बाजूला दबते, बोल्ट आवळले जातात आणि धार येत नाही. खाचा जुळत नसतील तर दुसऱ्याला वर फ्लायव्हील (इंजिनाच्या माथ्यावरचं जड चाक) हळूच घड्याळाच्या दिशेने फिरवायला सांगा. बोल्ट वापरून दोन भाग जवळ ओढू नका, ते हाताने जुळलेच पाहिजेत.

तपासणी पिंपात करा. पाण्याची पातळी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर हवी. पंखा काढून ठेवा, गिअर न्यूट्रलला ठेवा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, धूर जीवघेणा असतो. झाकण उघडं असताना सैल बाही किंवा गळ्यातला पंचा फ्लायव्हीलजवळ नको.

## ७. गिअर ऑइल आणि पंख्यामागचा तंगूस

इंजिन उभं ठेवा. खालचा स्क्रू काढा, मग वरचा, आणि ऑइल स्वच्छ भांड्यात काढा. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरलंय. बारीक करडा लगदा थोडा असणं ठीक, पण धातूचे तुकडे असतील तर गिअर उघडावाच लागेल.

पाणी शिरण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे जाळ्याचा तंगूस. तो पंख्यामागे शाफ्टभोवती गुंडाळतो आणि पाणी अडवणारा रबरी सील कापतो. म्हणून पंखा महिन्यातून एकदा काढा, मागे तंगूस असेल तर कापून काढा, शाफ्टला ग्रीस लावा आणि नवी कॉटर पिन घाला. पंख्याचं पातं थोडं चेपलं असेल तर हातोडीने ठोकू नका. तोल गेलेला पंखा शाफ्ट आणि सील दोन्ही खातो.

ऑइल भरायचं खालच्या छिद्रातून, ट्यूब किंवा पंपाने, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत. १५ अश्वशक्तीला साधारण पाव लिटर हायपॉइड एसएई ९० लागतं. आधी वरचा स्क्रू लावा, मग ट्यूब काढून झटपट खालचा. वरून भरलं तर आत हवा अडकते. दोन्ही वॉशर नवे. काही जुन्या इंजिनांत शेजारी गिअरच्या दांडीचा स्क्रू असतो. तो ऑइलचा समजून काढलात तर आतली यंत्रणा निखळते, म्हणून पुस्तिकेतलं चित्र आधी बघा.

## ८. इंजिन समुद्रात पडलं तर

इथे वेळ सर्वांत महत्त्वाची. पाण्यात असेपर्यंत गंज हळू चढतो, बाहेर काढून हवा लागली की झपाट्याने. लगेच काम करता येत नसेल तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण उघड्यावर ठेवण्यापेक्षा हे सुरक्षित.

चालू असताना पडलं असेल तर दोरी जोराने ओढू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवा. कुठे अडत असेल तर थांबा आणि मेकॅनिक गाठा.

मोकळं फिरत असेल तर सगळं गोड्या पाण्याने धुवा. प्लगची छिद्रं खाली करून पाणी निथळू द्या आणि फ्लायव्हील फिरवत राहा. कार्ब्युरेटर काढून धुवा, टाकीतलं पेट्रोल आणि नळी रिकामी करा. सिलिंडरमध्ये आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून टू-स्ट्रोक ऑइल सोडा, फिरवा. नवे प्लग, ताजं पेट्रोल, २५:१ ऑइल. मग सुरू करून पिंपात किमान अर्धा तास चालवा, म्हणजे आतल्या बेअरिंगमधलं उरलंसुरलं पाणी उडून जाईल. सुरू झालं नाही तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या.

## ९. खारं पाणी आणि पावसाळी साठवण

शक्य तेव्हा, निदान आठवड्यातून एकदा, इंजिन पिंपात गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा. शेवटी पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालू द्या.

झिंकचा ठोकळा निम्मा झिजला की बदला. त्याला रंग कधीही लावू नका. त्याने इंजिनाऐवजी स्वतः झिजायचं असतं, रंग लावला की ते काम थांबतं आणि गंज गिअरकेसला लागतो. काढलेला प्रत्येक स्टीलचा बोल्ट मरीन ग्रीस लावूनच परत घाला. स्टील आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना असे धरतात की पुढच्या वर्षी बोल्ट मानेतून तुटतो.

पावसाळ्यात ठेवताना गिअर ऑइल आधीच बदला, पावसानंतर नाही. आत पाणी असेल तर तेवढे महिने ते बेअरिंग खात राहतं. प्लगच्या छिद्रांतून चमचाभर ऑइल सोडून फ्लायव्हील फिरवा. इंजिन उभंच ठेवा. आडवं ठेवावंच लागलं तर आधी पाणी पूर्ण निथळू द्या आणि इंजिनाची बाजू पंख्यापेक्षा उंच ठेवा, नाहीतर इंजिनाच्या खालच्या भागातलं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं.

## १०. पाण्यातली पहिली फेरी

१५ अश्वशक्तीचं इंजिन ३५ ते ४० किलोचं असतं. होडीवर चढवताना आधी जाड दोरीने बांधा, क्लॅम्पचे स्क्रू हाताने घट्ट करा आणि दोरी तशीच बांधलेली राहू द्या.

पहिली फेरी भरतीच्या वेळी, किनाऱ्याजवळ. बरोबर वल्ही, नांगर, लाइफ जॅकेट, पक्कड, प्लगपाना, दोन प्लग, कॉटर पिना आणि एक सोबती. किल स्विचची दोरी मनगटाला. दहा मिनिटं हळू चालवा आणि धारेवर नजर ठेवा, मग अर्धा वेग, मग थोडा वेळ पूर्ण वेग. परत आल्यावर झाकण उघडून पेट्रोलचे जोड हाताने चाचपा, प्लग काढून रंग बघा. पंधरा दिवसांनी गिअर ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. ते दुधाळ असतील तर पाणी शिरतंय, सीलचं काम करावं लागेल.